सिंगल-कट गिटार घेतलीत? पिकअप बदलण्याआधी नट बघा (सांगली-मिरज)

तारषड्ज

सांगली, मिरज, तासगाव, विटा या पट्ट्यात सिंगल-कट (अंगाला एकाच बाजूने खाच असलेल्या) इलेक्ट्रिक गिटारी आता बऱ्यापैकी दिसू लागल्या आहेत. गिब्सनच्या लेस पॉलच्या धाटणीच्या जास्त, फेंडरच्या टेलिकास्टरच्या थोड्या कमी. गिटार हातात येऊन थोडे दिवस झाले की मालक एकच प्रश्न घेऊन येतो: पिकअप (तारांचा कंप विजेत बदलणारा भाग) कुठले टाकू?

माझं म्हणणं सरळ आहे. पिकअप सगळ्यात शेवटी. आधी नट (मान आणि डोकं यांच्यामधली, तारा टेकतात ती खाचांची पट्टी), मान, फ्रेट (मानेवरचे धातूचे पडदे) आणि ब्रिज (अंगावरची घोडी). आणि त्यातल्या बऱ्याच कामासाठी गिटार पुण्या-मुंबईला पाठवायची गरज नाही. तारेचं काम ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय अशी माणसं मिरजेत आहेत.

गिटारला हात लावला की तिचं मोल गेलं, असं मानणारे बरेच भेटतात. त्यांनी या गिटारचा इतिहास जरूर बघावा. १९५२ साली गिब्सनने पहिली लेस पॉल काढली, तेव्हा तिच्यावर एकेरी कॉइलचे पी-९० पिकअप आणि ट्रॅपीझ टेलपीस (तारांची टोकं धरणारा भाग) होता. मानेचा कोन इतका कमी होता की तारा ब्रिजच्या पट्टीखालून न्याव्या लागत. त्यामुळे तळहाताची कड ब्रिजवर टेकवून तारांचा आवाज दाबणं जमायचंच नाही. कंपनीने तो टेलपीस लवकरच काढून टाकला. १९५४ च्या कस्टम मॉडेलवर ट्यून-ओ-मॅटिक ब्रिज आला, १९५७ ला सेथ लव्हर यांनी तयार केलेले हंबकर (दोन कॉइलचे पिकअप) बसले, १९५८ ला सोनेरी रंगाच्या जागी सनबर्स्ट आला. १९६१ ला तर आकारच बदलला, दोन्ही बाजूंनी खाच आली, आणि १९६८ ला जुना आकार परत आणावा लागला. १९५८ ते १९६० मधल्या ज्या गिटारींपुढे आज सगळे हात जोडतात, त्या अशा एकामागून एक केलेल्या दुरुस्त्यांतूनच घडल्या.

आता नटाकडे येतो, कारण गाडी बहुतेक वेळा इथेच अडते. लेस पॉलचं डोकं मागे साधारण १७ अंश झुकलेलं असतं आणि खुंट्या दोन्ही बाजूंना तीन-तीन. त्यामुळे मधल्या डी आणि जी तारा नटातून बाहेर पडल्या की एकदम तिरक्या वळतात. खाच अरुंद असेल तर तार तिथे अडकते. खुंटी पिळताना "टिंग" असा आवाज येतो आणि सूर हवा तिथे न थांबता पुढे उडी मारतो. बेंड केल्यावर (तार बाजूला ओढून सूर चढवल्यावर) तार पूर्ण परत येत नाही. मालक खुंट्यांना दोष देतो, महागड्या नव्या खुंट्या मागवतो, आणि जी तार होती तशीच बेसूर राहते.

रुंदीइतकाच खाचेचा तळ महत्त्वाचा. तो खुंट्यांच्या दिशेने किंचित उतरता हवा, म्हणजे तार फिंगरबोर्डाकडच्या कडेवरून स्वच्छ सुटते. तळ सपाट राहिला किंवा उलटा उतरला तर तार खाचेत मध्येच टेकते आणि मोकळी तार झणझणते, थेट सतारीसारखी. तंबोऱ्याच्या घोडीवर कारागीर हेच मुद्दाम घडवून आणतात. घोडीचा माथा ते इतका हलका गोलावतात की तार सुटताना त्या उताराला घासत राहते, त्यातून जवारी, म्हणजे तंबोऱ्याचा तो भरलेला झणकार, येते. म्हणून ज्या हाताला जवारी काढता येते, त्याला ती घालवणंही जमतं.

मिरजेत एका कारागिरांसमोर माझी गिटार ठेवली. त्यांनी आधी कानस उचललीच नाही. झणझणणाऱ्या तारेखाली सुताचा धागा घातला, तंबोऱ्याला घालतात तसा, आणि नटाच्या पुढच्या कडेपर्यंत हळूच सरकवला. धागा कडेला पोचला आणि झणझण बंद झाली. म्हणाले, "तार दोन जागी टेकतीया." मग बारीक कानशीने फक्त मागचा भाग खाली घेतला. पुढच्या कडेला अजिबात हात लावला नाही, कारण ती खाली गेली असती तर तार पहिल्या फ्रेटवर बसली असती. हे मला सांगावं लागलं नाही.

मिरजेत हे कसब एकोणिसाव्या शतकापासून आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं घडवायला घेतली आणि पुढे सगळी गल्लीच त्या कामात उतरली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. लाकडाचं नातंही जवळचं आहे. सतारीची दांडी तुनाची, लेस पॉलची मान महोगनीची, आणि तून व महोगनी एकाच कुळातली झाडं. आपला कडुनिंबही त्याच कुळातला.

कारागिराकडे जाण्याआधी घरी एवढं बघून ठेवा. तारा सुरात लावा. जाड ई तार पहिल्या फ्रेटवर दाबा आणि जिथे मान अंगाला मिळते तिथेही दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत साधारण पाव मिलिमीटर फट हवी. मोजायला फीलर गेज लागते. दुचाकीचे टॅपेट सेट करणाऱ्या कुठल्याही मेकॅनिककडे ती मिळेल. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली सळी) घट्ट, कमी असेल तर सैल, आणि एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही. त्यानंतर बाराव्या फ्रेटवर तारेची उंची बघा: जाड बाजूला २ मिलिमीटर आणि बारीक बाजूला १.२ मिलिमीटरच्या आसपास. इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं) सगळ्यात शेवटी. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेल्या सुरापेक्षा) चढा लागला तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागे घ्या, उतरा लागला तर पुढे.

आपल्या हवेचाही विचार करावा लागतो. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं कडेला बोटांना टोचायला लागतात. जुलैत हवा ओली झाली की मान पुन्हा फुगते. म्हणून फ्रेटची टोकं घासायचं काम उन्हाळ्यात करून घ्यावं, म्हणजे पुढे वर्षभर टोचत नाहीत.

आणि कुठलाही बदल करा, लाकडाला नवीन भोक पाडू नका. काढलेला प्रत्येक भाग, अगदी स्क्रूसुद्धा, डबीत घालून ठेवा.

विश्रामबागवाला

दादा, नटाबद्दल शंभर टक्के पटलं. पण पिकअपबरोबर वायरिंगही शेवटी, हे पटत नाही. पिकअप महाग असतात, वायरिंग नाही. एक वायर उचलून दुसऱ्या टोकाला लावली तरी गिटार बदलते.

आजकालच्या वायरिंगमध्ये टोनचा कपॅसिटर व्हॉल्यूम पॉटच्या (नॉबखालच्या फिरत्या रोधाच्या) पिकअपकडच्या टोकाला असतो. पन्नाशीच्या दशकातल्या पद्धतीत तो मधल्या, म्हणजे बाहेर जाणाऱ्या टोकाला असायचा. फरक असा की व्हॉल्यूम सातवर आणला तरी आवाज दबत नाही, तारेची धार टिकते. बदल्यात व्हॉल्यूम आणि टोन एकमेकांवर जास्त परिणाम करतात, त्याची सवय करावी लागते. मला तरी ही पद्धत जास्त आवडते. आवाज थोडा फाटेपर्यंत ॲम्प वाढवून ठेवायचा आणि पुढचं सगळं गिटारच्या व्हॉल्यूमवर.

कपॅसिटर ०.०२२ मायक्रोफॅरडचा. त्यावर २२३ असा आकडा छापलेला असतो. सांगलीत कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्ट्या भागांच्या दुकानात हिरवा पॉलिस्टरचा मिळतो, किंमत चहापेक्षा कमी. परदेशी केशरी कपॅसिटरसाठी शेकडो रुपये घालू नका. टोन त्याच्या मूल्यावर ठरतो, रंगावर नाही.

पॉट मागवताना मात्र जपून. हंबकरला ५०० के (किलोओहम). अमेरिकन मापाच्या पॉटच्या दांड्याला २४ दाते, आशियाई मापाच्याला १८. त्यामुळे जुने नॉब नव्या पॉटवर नीट बसत नाहीत. अमेरिकन पॉटला भोकही साडेनऊ मिलिमीटरचं लागतं, आशियाई गिटारीत ते बहुतेक लहान असतं. आणि ज्या गिटारीत वरची मेपलची कमान जाड ठेवलीय तिथे लांब मानेचेच पॉट हवेत, नाहीतर पॉट कसायचा नट लावायला आटेच वर येत नाहीत.

तारषड्ज

विश्रामबागवाला, तुझं बरोबर आहे. मी पिकअप शेवटी म्हणालो, त्यात वायरिंगलाही ओढायला नको होतं असं तुझं म्हणणं, ते मान्य. नट झाला की लगेच वायरिंग, असा क्रम ठेवू. फक्त एक विनंती: पन्नाशीची पद्धत करण्याआधी आहे त्या वायरिंगचा फोटो काढून ठेवायला प्रत्येकाला सांग. विकायच्या वेळी पुढचा माणूस विचारतो.

कुपवाडकर

भोक मोठं करायचं म्हणता तर ड्रिल मशीन लावू नका भावांनो. आठ मिलिमीटरच्या भोकात मोठा ड्रिल घातला की तो लाकूड धरतो, गपकन आत ओढला जातो आणि वरच्या पॉलिशचा टवका घेऊन येतो. हाताने फिरवायचा टेपर रीमर वापरा, दोन्ही बाजूंनी थोडा थोडा. मी एमआयडीसीत लेथवर असतो, धातूचं काम रोजचं, तरी लाकडाला मी हातरीमरच वापरतो.

दुसरं, ब्रिजच्या खांबांचं. नवीन ब्रिज मागवला आणि खांबांचं अंतर किंवा जाडी जुळली नाही की लोक अंगात नवीन भोकं पाडायला निघतात. त्यापेक्षा जुन्या बुशात (लाकडात बसवलेल्या आट्यांच्या नळीत) बसेल असा पितळी खांब लेथवर काढून घ्या. वरून नव्या ब्रिजचं माप, खालून जुन्या बुशाचे आटे. कुपवाडला अशी छोटी कामं करून देणारे आहेत. माप व्हर्नियरने घेऊन या, "अंदाजे एवढं" चालत नाही. गिटारवालं काम मला मनापासून आवडतं, शनिवारी विचारा.

अजिंक्यतारा

सातारहून नमस्कार. मी मंडळांच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो, सिंगल-कटच आहे. माझे दोन प्रश्न आहेत, आणि दोन्ही स्टेजवरचे.

पहिला: पॅंडॉलमध्ये गिटार भणभणते. तारांना हात लावला की भणभण कमी होते. वायरिंग चुकलंय का? आणि कधी कधी माईकला ओठ लागले की झिणझिणी येते.

दुसरा: एसटीतून ये-जा करताना डोक्यापाशी मान मोडली असं आमच्याकडच्या एका पोराचं झालंय. तारा निघाल्या नाहीत पण चीर स्पष्ट दिसते. काय करायचं?

विश्रामबागवाला

दादा, तारांना हात लावल्यावर भणभण कमी होते म्हणजे तारांना जोडलेली अर्थिंगची वायर ठीक आहे. ती टेलपीसच्या बुशाला आतून जोडलेली असते. आपलं शरीर आजूबाजूचा ५० हर्ट्झचा गोंगाट पकडतं, तारेला हात लागला की शरीरही त्याच अर्थला जोडलं जातं. पी-९० किंवा टेलिकास्टरचे एकेरी कॉइलचे पिकअप असतील तर तेही ही भणभण स्वतः पकडतात. हंबकरमध्ये दोन कॉइल उलट-सुलट जोडलेल्या असतात म्हणून ती कटते. पोकळ्यांमध्ये आतून कॉपर टेप लावून ती अर्थला जोडली तर आणखी फरक पडेल.

माईकची झिणझिणी मात्र अजिबात अंगावर काढू नका. तिथे प्रश्न गिटारचा नाही, मंडपातल्या अर्थिंगचा आहे. गिटारचा ॲम्प एका फेजवर, मिक्सर दुसऱ्यावर, आणि दोन्हीपैकी एकाला अर्थ नाही अशी परिस्थिती असते. त्या वेळी तारा तुमच्या हातात आणि माईक ओठाला, म्हणजे वीज वाहायचा रस्ता तुमच्यातूनच. ॲम्पच्या प्लगची तिसरी पिन कधीही काढू नका. सगळं एकाच बोर्डावरून घ्या, त्या बोर्डाला आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) लावायला मंडळाला सांगा, आणि जनरेटरवर असाल तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थ तपासून घेतल्याशिवाय जॅक लावू नका. यासाठी कार्यक्रम उशिरा सुरू झाला तरी चालेल.

सतारगल्ली

मोडलेल्या मानेबद्दल मी लिहिते. आमच्या घरात वाद्यं बनतात.

आधी तारा पूर्ण सैल करायला सांगा, आत्ताच. ताण राहिला तर चीर रोज थोडी पुढे जाते. कुणी क्विकफिक्ससारखा गम टाकायचा सल्ला देईल, टाकू देऊ नका. तो पटकन कडक होतो, आणि नंतर खरा डिंक लाकडात मुरायला जागाच उरत नाही. चीर लांब आणि तिरकी असेल, दोन्ही बाजूंचे रेषे शाबूत असतील, तर पातळ केलेला लाकडाचा डिंक आत घालून नीट शिकंजा लावला की सांधा चांगला पक्का होतो. आडवी तुटली असेल तर आतून लाकडी पट्ट्या बसवाव्या लागतात, ते वेगळं काम. उडालेला छोटा टवका असेल तर तोही कागदात गुंडाळून आणा.

गिब्सनची मान एकाच लाकडातून कापलेली असते, आणि ट्रस रॉडच्या नटाची खाच नेमकी तिथेच असते जिथे डोकं मागे वळतं. त्यामुळे ती जागा कमजोर. आशियाई बनावटीच्या अनेक गिटारींत डोकं तिरका सांधा मारून जोडलेलं असतं, तिथे रेषे डोक्याच्या दिशेने जातात. बॅग घेताना मानेखाली आधार असलेली घ्या, डोकं बॅगेत अधांतरी राहायला हवं.

आता तारषड्जदादांना एक सांगायचंय. तुम्ही मनापासून लिहिलंत, आनंद झाला. पण "मिरजेला या" वाचून लोक फ्रेट लेव्हल करायला येतील, आणि ते आमचं काम नाही. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, सरकवता येतात, रागाप्रमाणे हलवतात. गिटारचे फ्रेट लाकडात ठोकून बसवलेले. ते सरळ रेषेत घासणं आणि पुन्हा माथा गोल करणं याची हत्यारंही वेगळी. नट, घोडी, सांधा, चिरा, पॉलिश यांसाठी या. फ्रेटसाठी गिटारचंच काम करणारा माणूस गाठा.

पॉलिशचंही सांगते. आम्ही लाखदाण्याचं पॉलिश हाताने चढवतो. तुमच्या बहुतेक गिटारींवर पॉलियुरेथेन असतं, त्यावर लाखदाणा नीट धरत नाही. कोरं लाकूड केलं तरच होईल, आणि त्यासाठी चांगली गिटार खरवडून काढू नये असं माझं मत. मानेची फक्त मागची बाजू चिकट लागत असेल तर बारीक पॉलिश पेपरने मॅट करून घ्या, तेवढं पुरतं.

आणि येण्याआधी विचारून या. संगीत महोत्सवांच्या हंगामात परगावचे गवई तंबोरे घेऊन जवारीला येतात, तेव्हा हात रिकामा नसतो. मजुरी द्या आणि घासाघीस करू नका. खाच दोन मिनिटांत झाली असं दिसतं, पण दोन मिनिटांत करता यायला किती वर्षं गेली ते दिसत नाही.

तारषड्ज

ताई, फ्रेटबद्दल सांगितलंत ते फार बरं झालं. माझ्या वरच्या म्हणण्यात तसा बदल करतो: नट, ब्रिजच्या सॅडलच्या खाचा आणि सांधे मिरजेला, फ्रेट गिटारच्या कारागिराकडे. सॅडलचंही नटासारखंच आहे, खाच सपाट असेल तर तिथेही झणझण येते, ते दाखवायला नक्की येईन. मजुरीचं तुमचं म्हणणं सगळ्यांनी लक्षात ठेवावं.

कुपवाडकर

ताई, २०१९ च्या पुरात आमच्या भाच्याची गिटार दोन दिवस पाण्यात होती. तेव्हापासून माळ्यावर पडून आहे. काही होईल का?

सतारगल्ली

त्या पुरानंतर बरीच वाद्यं अशी बाहेर काढावी लागली. इतकी वर्षं सावलीत होती म्हणजे लाकूड वाळलेलं असणार, ते चांगलं. उन्हात ठेवली असती तर वरची मेपल आणि खालचं लाकूड वेगवेगळं आकसून सुटलं असतं. आता बघायचं ते असं: मान अंगात जिथे घुसते तिथला सांधा उघडलाय का, फिंगरबोर्डाच्या कडेने नख आत जातं का, आणि ट्रस रॉडचा नट फिरतो का गंजून बसलाय. नट फिरत नसेल तर जोर लावू नका, आधी तसाच राहू दे. पिकअप आणि पॉट बहुधा गेलेले असतील, ते विश्रामबागवाल्यांनी बघावेत.

विश्रामबागवाला

आणा, मल्टिमीटरने पिकअप लगेच कळतो. हंबकरचा रोध साधारण ७ ते ९ किलोओहमच्या आसपास आला तर कॉइल जिवंत आहे, अनंत दाखवला तर तार आत कुठेतरी तुटलीय. पॉट सरळ नवे टाकू. तेव्हा पन्नाशीचं वायरिंगच करू.

कोयनाकाठ

मी अजून गिटार घेतलेली नाही. जुनी सिंगल-कट कोल्हापूरला बघून आलोय, विकणारा म्हणतो पिकअप अमेरिकन टाकलेत म्हणून किंमत जास्त. काय बघू? आणि गिब्सन सोडून दुसऱ्या कंपनीची सिंगल-कट घेतली तर ती नक्कल समजायची का?

तारषड्ज

नक्कल वगैरे मनात आणू नकोस. टेलिकास्टर सिंगल-कटच आहे आणि ती घराण्याने लेस पॉलच्याही आधीची, १९५० पासूनची. पीआरएस या दुसऱ्या गिटार कंपनीच्या सिंगल-कटवरून गिब्सनने खटला भरला होता, २००५ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने पीआरएसच्या बाजूने निकाल दिला.

किमतीचं म्हणशील तर विकणाऱ्याला पहिला प्रश्न विचार: मूळचे पिकअप कुठे आहेत? डबीत असतील तर माणूस नीट वागणारा. मग मागची झाकणं उघडायची परवानगी माग. सोल्डरचे थेंब चकचकीत आणि गोल हवेत, करडे आणि खडबडीत नकोत. ब्रिजच्या आजूबाजूला बुजवलेलं भोक आहे का ते तिरप्या उजेडात बघ. मानेच्या मागे, डोकं वळतं तिथे, रंगाचा पोत वेगळा दिसला तर जुना सांधा असू शकतो. चांगला सांधा असेल तर घ्यायला हरकत नाही, पण किंमत तशी कमी व्हायला हवी. पिकअपसाठी जास्त पैसे देऊ नकोस. ते पुढे कधीही टाकता येतात, सरळ मान नंतर विकत मिळत नाही.

जाशील तेव्हा नटाचा, डोक्याच्या मागचा आणि उघडलेल्या झाकणांच्या आतला, असे तीन फोटो काढून इथे टाक. पैसे द्यायच्या आधी.